पाऊस आला की पडणारा स्विच: एका देवस्थानातील वीजगळतीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले एक देवस्थान. गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. देवळाला लागून जुनी अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरण्याची जागा आहे, पलीकडे सभागृह, मागे स्वयंपाकघर, आणि सगळ्याला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे कुंपण. कुंपणाच्या भिंतीत दिवे बसवलेले आहेत. अग्रशाळेच्या पडवीत स्टीलचा वॉटर कूलर आहे. संध्याकाळी अंगणात खेळणारी मुले तिथेच पाणी पितात.

वीजजोडणी थ्री-फेज. पूर्वी किटकॅट फ्यूज होते. सभागृहाचे नूतनीकरण झाले तेव्हा नवा बोर्ड आला आणि त्यात सगळ्या आवारासाठी मिळून एकच आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की आपोआप पडणारा स्विच, बसवली गेली: ६३ अँपिअरपर्यंतचा भार पेलणारी, ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारी. गावात तिला सगळे ईएलसीबीच म्हणतात. बोर्ड नवा झाला, पण त्याच्या पलीकडच्या वायरी बऱ्याचशा जुन्याच राहिल्या.

मी तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवत असे. आता निवृत्त आहे. अध्यक्षांनी मला बोलावले ते दुरुस्तीसाठी नव्हे. ते म्हणाले, "सर, वायरमन सांगतो ते आम्हांला कळत नाही आणि दुकानदार सांगतो तेही कळत नाही. बैठकीला या आणि आम्हांला समजेल असे सांगा. निर्णय आम्ही घेऊ."

अडचण

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि हा स्विच पडू लागला. पडायचा तो बहुधा रात्री, जोराच्या सरीनंतर. एकच आरसीसीबी असल्याने देऊळ, सभागृह, स्वयंपाकघरातला फ्रीज, विहिरीवरचा पंप, सगळे एकदम बंद. वर केला की कधी टिकायचा, कधी लगेच पुन्हा पडायचा. सकाळी ऊन पडले की काहीच झाले नसल्यासारखे सगळे चालू.

प्रत्येक वेळी फोन जायचा वायरमनला. त्याची बाजू इथेच मांडतो, कारण पुढे बैठकीत ती नीट मांडली गेली नाही. रात्री-अपरात्री पावसात मोटरसायकल घेऊन तो यायचा, तोवर स्विच टिकायला लागलेला असायचा, आणि दोष शोधायला हाती उरायचा फक्त टेस्टर. श्रावणातला सप्ताह जवळ आला होता. अखंड भजन, बाहेरगावची पथके, भाड्याने आणलेला ध्वनिसंच. ऐन भजनात अंधार झाला तर बोल त्यालाच लागणार होते. म्हणून त्याने सुचवले की सप्ताहापुरती ईएलसीबी काढू आणि वायर थेट जोडू. "एमसीबी आहेतच की," असे त्याचे म्हणणे. एमसीबी म्हणजे प्रवाह फार वाढला की पडणारे छोटे स्विच. बैठकीच्या विषयपत्रिकेवर हाच ठराव होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय वायरमनचा: काढून टाकणे. खर्च शून्य, काम अर्ध्या तासाचे.

दुसरा दुकानदाराचा: ३० ऐवजी ३०० मिलिअँपिअरची बसवणे. समितीतल्या बहुतेकांना हा पसंत होता. दहापट मोठा आकडा म्हणजे दहापट दणकट वस्तू, असा सरळ समज.

तिसरा एका तरुण सभासदाचा: सगळे वायरिंग नव्याने करणे. योग्य, पण महागडा आणि सप्ताहाआधी होणे अशक्य.

चौथा पर्याय कुणाच्या मनात नव्हता: आधी मोजायचे आणि गळती कुठे आहे ते शोधायचे.

या पर्यायांतून निवड करायची तर तीन गोष्टी कळायला हव्या होत्या: एमसीबी काय करते, आरसीसीबी काय करते आणि अर्थिंग काय करते. बऱ्याच घरांत या तिन्ही असतात, आणि तिन्हींचे काम एकच, 'शॉक लागू नये', असा समज असतो. पहिले दोन्ही पर्याय याच समजावर उभे होते.

बैठकीत काय समजावले

एमसीबी वायरीसाठी असते. १६ अँपिअरची एमसीबी त्याहून बराच जास्त प्रवाह गेला किंवा शॉर्ट सर्किट झाले तर पडते, म्हणजे वायर तापून पेटत नाही. माणसाशी तिचा संबंध नाही. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध साधारण १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जाईल. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवणारही नाही. माणसाला मात्र १० मिलिअँपिअरच्या आसपासच स्नायू आखडून हात सोडवता येईनासा होतो. मुलांत ही मर्यादा त्याहूनही खाली असते. ३० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह टिकून राहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. ३० हा आकडा तिथून आला आहे.

अकरावीत शिकणारी खजिनदारांची मुलगी तिथे होती. २३० भागिले १,००० हा भागाकार मी तिलाच करायला सांगितला. ओहमचा नियम दहावीत सगळ्यांनी पाठ केलेला असतो; घरातल्या बोर्डाशी त्याची गाठ कुणी घालून देत नाही, याचे मला शिक्षक म्हणून कायम वाईट वाटते. तिने उत्तर मोठ्याने वाचले तेव्हा 'एमसीबी आहेतच की' हा मुद्दा तिथेच संपला.

आरसीसीबी समजावताना मी खजिनदारांकडेच वळलो. तुम्ही संध्याकाळी वही जुळवता तेव्हा उलाढाल किती झाली ते बघत नाही, जमा आणि खर्च जुळतात का ते बघता. आरसीसीबी तेच करते. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ती सतत ताडून बघते. चाळीस अँपिअर गेले आणि चाळीस परतले तर ती गप्प. फरक ३० मिलिअँपिअरचा झाला तर ०.३ सेकंदाच्या आत, आणि त्याच्या पाचपट झाला तर ०.०४ सेकंदात ती तोडते.

त्यावर खजिनदारांनी विचारलेला प्रश्न फार मोलाचा होता. "सर, बारीकसारीक फरक आम्ही किरकोळीत टाकतो. इथे तसे का नाही करायचे?"

उत्तर असे दिले: जो प्रवाह न्यूट्रलने परतला नाही, तो जमिनीत गेला. कुठून गेला हे आरसीसीबीला कळत नाही. ओल्या भिंतीतून गेला असेल, यंत्राच्या पत्र्यातून अर्थिंगच्या वायरीत गेला असेल, किंवा कुणाच्या तरी हातातून पायात उतरून गेला असेल. वाट माहीत नाही तोवर तो किरकोळीत टाकायचा नाही.

इथून ३०० मिलिअँपिअरचा प्रश्न आपोआप सुटला. ती अधिक दणकट नसते, ती दहापट फरक सहन करते. गळतीमुळे लागणाऱ्या आगीपासून इमारत वाचवायला तिचा उपयोग आहे, पण माणसातून २३० मिलिअँपिअर गेले तरी ती पडेलच असे नाही.

अर्थिंगला मी सर्वांत जास्त वेळ दिला. 'अर्थिंग चांगले आहे, मग कशाला घाबरायचे' हे वाक्य बैठकीत पुन्हा पुन्हा येत होते. आपल्याकडची जमीन जांभ्याची. पावसात ती ओली असते, एप्रिल-मेमध्ये कातळ सुकतो आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध चढतो. पावसाळ्यात मोजला तेव्हाही तो १४ ओहम भरला. म्हणजे फेजची वायर थेट पत्र्याला चिकटली, तरी जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले १४, साधारण १६ अँपिअर. पंपासाठी ३२ अँपिअरची एमसीबी आहे. ती पडणारच नाही, आणि पंपाचा सांगाडा विजेने भरलेला तसाच उभा राहील. अशा जमिनीत अर्थिंग आणि आरसीसीबी एकमेकींच्या आधाराने काम करतात: अर्थिंग गळतीला वाट देते आणि आरसीसीबी ती गळती ओळखून तोडते. एक काढली की दुसरी लुळी पडते.

पहिला निर्णय

शब्द ऐकून माणसे माना डोलावतात, पण मत बदलते ते डोळ्यांनी पाहिल्यावर. म्हणून गळती मोजणारा क्लॅम्प मीटर बरोबर नेला होता. त्याच्या चिमट्यात एकटी फेजची वायर धरली तर काही अँपिअर दिसतात. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र धरले तर फक्त फरक दिसतो, म्हणजे आरसीसीबीला जे दिसते तेच. त्या कोरड्या दुपारी फरक होता ८ मिलिअँपिअर.

३० पर्यंत अजून २२ शिल्लक आहेत ना, असे कुणी म्हणाले. इथे एक बारकावा आहे, जो बऱ्याच वायरमनांनाही सांगितलेला नसतो: ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने ३० ला पडलेच पाहिजे, पण १५ च्या वर कुठेही पडण्याची तिला मुभा आहे. ८ आधीचेच. पावसाने त्यात ७-८ ची भर घातली की ती पडू शकते, आणि त्यात तिचा काहीही दोष नसतो.

ठराव बदलला गेला: आरसीसीबी काढायची नाही, आधी शोध घ्यायचा, आणि शोधाचे काम वायरमननेच करायचे. शेवटची अट अध्यक्षांची होती आणि ती अगदी बरोबर होती. मी एक दिवस येऊन जाणारा माणूस, तो कायमचा.

शोधात काय सापडले

एकेक सर्किट सोडवून मेगरने इन्सुलेशन तपासले. मेगर वायरीत ५०० व्होल्ट डीसी सोडून फेज आणि अर्थ यांच्यामधला रोध सांगतो. निरोगी वायरिंगचा तो निदान १ मेगाओम, म्हणजे दहा लाख ओहम असावा. इलेक्ट्रॉनिक उपकरणे आधी सोडवून ठेवावी लागतात, नाहीतर तीच जळतात.

कुंपणाच्या दिव्यांचे सर्किट उन्हात २ मेगाओमच्या वर होते. पावसाची सर येऊन गेल्यावर तेच ०.०२ मेगाओमवर आले, म्हणजे २०,००० ओहम. २३० भागिले २०,००० म्हणजे साडेअकरा मिलिअँपिअर. आधीचे ८ मिळवले की १९-२०. रात्री स्विच का पडतो याचा हिशेब लागला. चिऱ्यांच्या भिंतीत कोनाडे करून त्यात वायरी पिळून जोडल्या होत्या, वर नुसती टेप. जांभा पाणी शोषतो आणि धरून ठेवतो, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही जोड कितीतरी वेळ ओलेच राहायचे.

दुसरी गोष्ट सापडली ती कूलरपाशी, आणि तिने सगळ्यांचे चेहरे बदलले. कूलरच्या थ्री-पिन टॉपमधली हिरवी वायर सोडवून टेप लावून ठेवलेली होती. चौकशीत कळले की आदल्या पावसाळ्यात कूलर लावला की स्विच पडायचा. कुणीतरी अर्थची वायर काढून पाहिली आणि पडणे थांबले. सगळ्यांनी दोष गेला असे मानले. प्रत्यक्षात दोष कॉम्प्रेसरमध्ये जसाच्या तसा होता. गळतीला जायला असलेली एकमेव वाट तोडल्यामुळे ती वीज आता स्टीलच्या अंगावर थांबून होती. मुलांना विचारले तर ती सहज म्हणाली, "हो, कधी कधी हाताला मुंग्या येतात."

कॉम्प्रेसरच्या इन्सुलेशनचा रोध साधारण १०,००० ओहमवर आलेला होता. कोरड्या फरशीवर मुंग्या येण्याइतकेच जाणवत होते. पाय आणि फरशी पूर्ण ओली असती तर हिशेब होतो २३० भागिले ११,०००, जवळजवळ २१ मिलिअँपिअर. हात सोडवता न येण्याच्या मर्यादेच्या दुप्पट. वायरमनने तो आकडा स्वतः काढला, वहीत लिहिला आणि कूलरचा टॉप काढून खिशात टाकला. आरसीसीबी काढायची गोष्ट त्यानंतर त्याने पुन्हा बोलून दाखवली नाही.

केलेली कामे आणि मधला अडथळा

कूलर दुरुस्तीला गेला. कुंपणाचे जोड आयपी ६५ डब्यांत घेतले. या आकड्यांतला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा: ६ म्हणजे धूळ आत जातच नाही, ५ म्हणजे नळीने मारलेल्या पाण्याच्या धारेला पुरेसा. मुसळधार सरींना आणि पागोळ्यांना एवढे चालते. पाण्यात बुडून राहणाऱ्या दिव्याला मात्र याहून वरचा अंक लागतो.

मोठा बदल बोर्डात झाला. एका आरसीसीबीच्या जागी ३० मिलिअँपिअरच्या वेगवेगळ्या बसवल्या: देऊळ, सभागृह, स्वयंपाकघर, पंप आणि बाहेरचे दिवे. एका भागात गळती झाली तर अंधार तेवढ्याच भागात. या सगळ्यांच्या आधी, मुख्य जागी, ३०० मिलिअँपिअरची थोडी उशिरा पडणारी बसवली, आगीपासून संरक्षणासाठी. दुकानदाराचा पर्याय असा योग्य जागी उपयोगी पडला.

आणि सगळे जोडून झाल्यावर, लख्ख उन्हात, सभागृहाचे पंखे लावताच सभागृहाची नवी आरसीसीबी पडली.

हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण होता. खर्च झालेला, सप्ताह तोंडावर, आणि उपाय दुखण्यापेक्षा वाईट असे दिसत होते. 'काढा ते सगळे' असे पुन्हा ऐकू आले. मेगरवर इन्सुलेशन उत्तम होते, म्हणजे गळती नव्हती. मग फरक कुठला?

उत्तर खजिनदारांच्या वहीतच होते. पंख्यांना फेज सभागृहातून मिळत होती, पण मागे कधीतरी पंखे वाढवताना न्यूट्रल जवळच्या स्वयंपाकघराच्या डब्यातून घेतली गेली होती. एका वहीत खर्च, दुसऱ्या वहीत जमा. सगळ्यांची मिळून एकच आरसीसीबी होती तोवर बेरीज जुळत होती. वह्या वेगळ्या झाल्या आणि दोन्हीकडे फरक दिसू लागला. पंख्यांची न्यूट्रल सभागृहाकडे वळवली आणि प्रश्न मिटला. हे स्पष्टीकरण बैठकीत मी दिले नाही. खजिनदारांनीच बाकीच्यांना समजावले.

परिणाम

सप्ताहात एकदाच आरसीसीबी पडली. ध्वनिसंचवाल्यांचा एक्स्टेंशन बोर्ड पागोळ्यांखाली सरकला आणि सभागृहाचा भाग बंद झाला. देवळातले दिवे चालू राहिले, भजन माइकशिवाय सुरू राहिले, बोर्ड उचलून दुसरा लावला. ध्वनिसंचवाल्यांसाठी समितीने एक नियम केला: अर्थची पिन तोडलेले किंवा दोन पिनांच्या अडॅप्टरवर चढवलेले कोणतेही उपकरण लावायचे नाही. स्पीकरमधली गुणगुण घालवायला अर्थ तोडण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, आणि ती कूलरच्याच जातीची आहे.

सगळेच जमले असे नाही. आरसीसीबीवरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून नोंद करायची ठरली होती. नोंदवहीत मधले महिने कोरे आहेत. आणि या बटणाने फक्त आरसीसीबीची यंत्रणा हलते की नाही ते कळते, अर्थिंगची स्थिती कळत नाही, हे अजून काहींच्या लक्षात राहत नाही. दोन सभासद आजही म्हणतात की एवढ्या पैशांत अग्रशाळेचे छप्पर झाले असते.

वेगळे काय करता आले असते

बैठकीआधी वायरमनबरोबर वेगळे बसायला हवे होते. त्याचा प्रस्ताव चारचौघांत खोडला गेला. शोधाचे काम त्याच्याकडे आले म्हणून तो टिकला. एरवी गावाने एक कामाचा माणूस दुरावला असता. मोजमापाची साधने त्याच्याकडे कधीच नव्हती, आणि ती घेण्याइतके पैसे त्याला कुठल्या देवस्थानाने किंवा सोसायटीने दिलेले नव्हते. समितीने मेगर विकत घेऊन त्याच्या हवाली करणे हा पहिला खर्च असायला हवा होता. तो शेवटी झाला.

न्यूट्रलची तपासणी बोर्ड विभागण्याआधी व्हायला हवी. जुन्या वायरिंगवर नव्या आरसीसीबी विभागून बसवताना उसनी न्यूट्रल निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. समितीला आधीच सांगून ठेवले असते, तर त्या दुपारचा अविश्वास टळला असता.

'स्विच पडतो' ही तक्रार आली की पहिला प्रश्न 'पूर्वी पडायचा तो कशाने थांबला?' हा विचारावा. कूलरची गोष्ट त्या एका प्रश्नात होती. मुलांना विचारायला तर कुणाला सुचलेच नव्हते, आणि रोज त्या पत्र्याला हात लावणारी तीच होती.

अर्थिंगचा १४ ओहम हा आकडा पावसाळ्यातला आहे. पुढच्या मे महिन्यात, कातळ सुकल्यावर, तो पुन्हा मोजायचा ठरला आहे. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला तो वाढला तरी चालतो, पण मुख्य जागेवरच्या ३०० वालीसाठी तो फार चढलेला नको. त्या मोजणीवर विहिरीकडच्या ओलसर जागेत दुसरा खड्डा घ्यायचा की नाही हे ठरेल. त्यासाठीची रक्कम समितीने वेगळी काढून ठेवली आहे.